गावकूस आता नियमावलीत

महापालिकेच्या नगररचना विभागाची सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात छापून येते. विकास नियंत्रण नियमावलीत फेरबदल करण्याचे योजिले आहे, नागरिकांनी मुदतीत हरकती व सूचना द्याव्यात, एवढाच तिचा मजकूर. बिल्डर ती वाचतो, त्याचा आर्किटेक्ट वाचतो, मोठ्या सोसायटीचा सेक्रेटरी वाचतो. आपल्या वस्तीत ती कोणी वाचत नाही. मुदत संपते. दोन-तीन वर्षांनी वस्तीच्या तोंडाशी भिंत उभी राहते, नळाची मोठी लाईन वस्तीला वळसा घालून पुढे जाते, आणि विजेच्या मीटरसाठी गेलेल्या माणसाला आधी मालकीचा कागद आणा असे सांगितले जाते. मग आपण मोर्चा काढतो. मोर्चा काढलाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण ज्या कागदाविरुद्ध मोर्चा निघतो, तो कागद तोपर्यंत कायदा झालेला असतो!

आज तीन अगदी साध्या वाटणाऱ्या गोष्टींबद्दल लिहायचे आहे. कुंपणाची भिंत, पाण्याची व विजेची जोडणी, आणि छपरावरचे सौर पॅनेल. तिन्हींचे नियम मीटरमध्ये, इंचात आणि किलोवॉटमध्ये लिहिलेले असतात. त्यात जातीचे नाव कुठेही नसते. म्हणूनच चळवळीच्या कार्यकर्त्याला ते आपले वाटत नाहीत. वास्तविक पाहता शहरातला माणूस कुठे राहील, कोणत्या वाटेने जाईल, कोणते पाणी पिईल आणि रात्री त्याच्या घरात दिवा लागेल की नाही, हे या नियमांतच ठरते.

'गावकुसाबाहेर' हा शब्द आपण इतक्या वेळा वापरतो की त्याचा मूळ अर्थ विसरून जातो. गावकूस म्हणजे गावाभोवतीची भिंत, गावाचे कुंपण. त्या भिंतीच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे धर्मशास्त्राने ठरवले होते. वस्ती कोणत्या दिशेला, विहीर कोणती, वाट कोणती, हे सारे ठरलेले. आजच्या भाषेत बोलायचे तर तो गावाचा विकास आराखडाच होता आणि त्याची नियमावली मनूच्या नावावर होती. तो आराखडा संविधानाने रद्द केला. पण भिंत बांधण्याची, पाणी वळवण्याची आणि जागा वाटण्याची सत्ता ज्यांच्या हाती राहिली, त्यांच्या हातात नियमावली लिहिणारी लेखणीही राहिली.

बाबासाहेबांनी ही गोष्ट फार लवकर ओळखली होती. महाडच्या चवदार तळ्याचा लढा आपण पाण्याचा लढा म्हणून सांगतो. तो तसा होताच. पण त्याची कागदपत्रे एकदा वकिलाच्या नजरेने पाहावीत. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्या कागदाला अर्थ दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर सवर्णांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला. त्या दाव्यात त्यांनी काय म्हटले? तळे खाजगी मालकीचे आहे आणि इतरांना तिथे मज्जाव करण्याची जुनी वहिवाट आहे! धर्माचे कारण न्यायालयात टिकणार नाही हे त्यांना माहीत होते, म्हणून त्यांनी मालकी पुढे केली. हा वाद तब्बल दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तो आपल्या बाजूने निकाली निघाला. एका नगरपालिकेच्या एका ठरावासाठी बाबासाहेबांनी सत्याग्रहही केला आणि दहा वर्षे खटलाही लढवला. आपण सत्याग्रहाचा वारसा सांगतो, खटल्याचा वारसा मात्र आपल्याकडून मागे पडला.

जमिनीची विभागणी करणारे हे नगररचनेचे शास्त्र पाश्चात्त्य देशांतून आपल्याकडे आले. त्यातल्या अमेरिकेचा इतिहास आपल्याला ओळखीचा वाटेल. बाल्टिमोर शहराने १९१० मध्ये गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वस्त्या वेगळ्या ठेवणारा पालिकेचा कायदाच केला होता. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये शिकत होते, तेव्हा असे कायदे एकामागून एक शहरांत होत होते. १९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुईव्हिल शहराचा असा कायदा रद्द केला. तेव्हा लोकांनी खरेदीखतांतच अटी घालायला सुरुवात केली, की हे घर काळ्या माणसाला विकायचे नाही. त्या अटींना न्यायालयाने दाद देऊ नये, हे ठरायला १९४८ साल उजाडले. मधल्या काळात, १९४१ मध्ये, डेट्रॉईट शहरात एका बांधकाम व्यावसायिकाने काळ्यांच्या वस्तीला लागून सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब भिंत बांधली, कारण भिंत असल्याशिवाय पलीकडच्या गोऱ्यांच्या घरांना सरकारी हमीचे कर्ज मिळत नव्हते. ती भिंत आजही उभी आहे. कायद्यातून वंश काढला की तो मालकीत जातो, मालकीतून काढला की कर्जाच्या अटीत जातो. जातीचे आपल्याकडे हेच झाले आहे.

भिंत कोणाच्या अंगावर पडते?

आधी कुंपणाचे पाहू. मुंबई आणि काही अपवाद सोडले तर महाराष्ट्रातल्या शहरांना डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबईसाठी २०३४ च्या आराखड्याची वेगळी नियमावली आहे. एकत्रिकृत नियमावलीतला कुंपणाचा नियम सोपा आहे. समोरची कुंपणभिंत रस्त्याच्या मध्यापासून मोजून दीड मीटरपर्यंत. ती २.४ मीटरपर्यंत नेता येते, पण मग वरचा ०.९ मीटरचा भाग आरपार दिसेल असा जाळीचा असला पाहिजे. कोपऱ्याच्या भूखंडावर वळणाजवळ भिंत आणखी बुटकी ठेवायची, कारण वाहनचालकाला पलीकडचे दिसले पाहिजे.

नियम चांगला आहे. पण त्याची नजर कुठे आहे ते बघा. ती रस्त्याकडे आहे. गाडीत बसलेल्याला दिसावे याची काळजी त्यात आहे. भिंतीच्या मागच्या बाजूला, तिच्या पायथ्याशी ज्याची झोपडी आहे, त्याची काळजी या मोजमापात नाही.

२०१९ हे एकच वर्ष घ्या. २९ जूनला पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. १५ माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. तीनच दिवसांनी, २ जुलैच्या मध्यरात्री, मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात महापालिकेच्याच जलाशयाची भिंत झोपड्यांवर पडली. तीसपेक्षा जास्त माणसे मेली. २ डिसेंबरला तामिळनाडूत मेट्टुपाळयमजवळच्या नडूर गावी एका धनिकाच्या घराची सुमारे वीस फुटी भिंत पहाटेच्या पावसात दलितांच्या घरांवर आली. १७ जण गेले. सगळे अरुंधतियार समाजाचे. पुढे १८ जुलै २०२१ ला मुंबईत माहुलच्या भारत नगरमध्ये भिंत कोसळली, १९ जण गेले.

प्रत्येक वेळी बातमीत एकच कारण आले, ते म्हणजे मुसळधार पाऊस. पाऊस तर भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखाच पडला होता! मेली मात्र एकाच बाजूची माणसे. मागे साचलेले पाणी बाहेर पडायला भिंतीत पुरेशी भोके ठेवली होती का, पाया किती खोल होता, भिंतीवर मातीचा दाब किती येत होता, हे प्रश्न चौकशी समितीने माणसे मेल्यावर विचारायचे नसतात. बांधकाम परवानगी देणाऱ्या अभियंत्याने ते भिंत उभी राहण्याआधी विचारायचे असतात.

भिंतीचे दुसरे काम वाट अडवण्याचे. मदुराई जिल्ह्यातल्या उत्तपुरम गावात १९९० च्या सुमारास दलित वस्तीच्या वाटेवर भिंत बांधली गेली. २००८ मध्ये तिच्यावर विजेच्या तारा सोडल्याचे उघडकीस आले. देशभर ओरड झाली आणि ६ मे २००८ रोजी प्रशासनाने तिचा काही भाग पाडून वाट मोकळी केली. आपल्या शहरांत एवढे उघड कोणी करत नाही. इथे 'सुरक्षेसाठी' गेट बसते, नाला आणि सोसायटी यांच्यामधली पायवाट 'सामासिक अंतर' म्हणून आत घेतली जाते, आणि शाळेला जाणारी मुले अर्धा किलोमीटर वळसा घालतात.

याला कायद्यात उत्तर आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार खाजगी जमिनीवरून वीस वर्षे उघडपणे, शांततेने आणि अखंड हक्काने वहिवाट केली असेल तर तो हक्क होतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला सार्वजनिक वापराची वाट, विहीर, तळे वा नळ वापरू न देणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा आहे. पण वहिवाट सिद्ध करायला पुरावा लागतो. जुना सिटी सर्व्हेचा नकाशा, वस्तीतल्या वृद्धांची प्रतिज्ञापत्रे, त्या वाटेवर महापालिकेने कधी काळी लावलेल्या दिव्याच्या खांबाची नोंद. हे भिंत उभी राहण्याआधी गोळा करून ठेवले पाहिजे.

ताबा आणि मालकी

आता पाणी आणि वीज. इथे एक शब्द प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे. तो शब्द म्हणजे 'भोगवटादार'. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे कोणत्याही जागेच्या मालकाने 'किंवा भोगवटादाराने' अर्ज केला तर वितरण कंपनीने वीज दिली पाहिजे. 'मालक आणि भोगवटादार' असे कायदा म्हणत नाही. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे ही जोडणी महानगरात तीन, इतर पालिका क्षेत्रात सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत द्यायची आहे. कसूर केल्यास दररोज एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्याच कलमात आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरमालक आणि भाडेकरूच्या वादात सांगितले, की वीज ही मूलभूत सोय आहे. घरमालकाने ना हरकत प्रमाणपत्र दिले नाही म्हणून ती नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही, एवढेच पाहायचे.

तरीही खिडकीवर काय घडते? वकिली करताना अशी माणसे नेहमी भेटतात. चाळीस वर्षे एकाच घरात राहिलेली बाई, मतदार यादीत नाव, रेशनकार्ड आहे, पण मीटरसाठी अर्ज घेऊन गेली की तिला जागामालकाचे ना हरकत पत्र आणायला सांगतात. अर्ज नाकारल्याचे लेखी कधीच देत नाहीत, तोंडी परत पाठवतात. ती घरी येते आणि शेजारच्या दादाकडून वायर ओढून घेते. त्या वायरीचे ती महिन्याला जे देते ते सरकारी दरापेक्षा कितीतरी जास्त असते. वर चोर ठरते ती तीच!

म्हणून अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, पोच मिळाली नाही तर पोस्टाने पाठवावा आणि मुदत संपताच ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे. तिथे वकील लावलाच पाहिजे असे नाही. २०२१ मध्ये महावितरणने बाबासाहेबांच्या नावाने जीवन प्रकाश योजना आणली होती. अनुसूचित जाती-जमातींच्या घराला पाचशे रुपये अनामतीवर, तीही पाच हप्त्यांत, जोडणी. किती वस्त्यांत ती योजना पोहोचली, याचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागायला हवा.

पाण्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१४ चा निकाल महत्त्वाचा आहे. मुंबईतल्या पाणी हक्क समितीच्या याचिकेवर न्यायालयाने म्हटले, की घर अनधिकृत असले तरी माणसाचा पाण्याचा हक्क संविधानाच्या कलम २१ खाली येतो. १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी देण्याचे धोरण पालिकेने करावे. अर्थात त्याच निकालात न्यायालयाने हेही स्पष्ट केले, की अशा घरांना अधिकृत घरांच्या बरोबरीने पाणी मागता येणार नाही. आपण निकालाचा पहिला भाग सांगतो आणि दुसरा गाळतो. असे करू नये. दुसरा भाग हीच पुढच्या लढ्याची जागा आहे. मुंबई महापालिकेचे 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण यायला मे २०२२ उजाडले. निकालानंतर साडेसात वर्षे!

पालिकांची भीती एकच असते, की आज नळ दिला तर उद्या हा जमीन मागेल. या भीतीलाही उत्तर आहे. नळाचे किंवा विजेचे बिल हा जमिनीच्या मालकीचा पुरावा ठरत नाही, तो राहण्याचा पुरावा आहे. हे धोरणात एका ओळीत लिहावे आणि पाणी द्यावे. ताबा वेगळा, मालकी वेगळी, हे वीज कायद्याला समजते. मग पालिकेला का समजू नये?

सूर्य सर्वांचा, गच्ची कोणाची?

आणि आता नवा प्रश्न, ज्याची आपल्या वस्त्यांत अजून चर्चाच नाही. छपरावरची वीज.

बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ मजूर मंत्री होते आणि वीज, पाटबंधारे ही खाती त्यांच्याकडे होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला, कारण औद्योगिकीकरणाशिवाय या देशातल्या माणसाची दारिद्र्यातून सुटका नाही, असे त्यांचे मत होते. विजेकडे त्यांनी माणसाच्या मुक्तीचे साधन म्हणून पाहिले. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी सौर ऊर्जेकडे 'श्रीमंतांचे खूळ' म्हणून पाहणे बरोबर नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने पीएम सूर्यघर योजना सुरू केली. एक कोटी घरे, ७५ हजार कोटींहून अधिक खर्च. एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान. एक किलोवॉटचा संच महिन्याला साधारण शंभर-सव्वाशे युनिट वीज देतो. म्हणजे पंखा, दिवे, टीव्ही आणि छोटा फ्रीज असलेल्या घराचे बिल जवळपास शून्यावर येऊ शकते. महाराष्ट्राने २०२५ मध्ये 'स्मार्ट' या नावाने त्याला जोड दिली. दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला शंभर युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या घरांना एक किलोवॉटसाठी राज्याचे जादा अनुदान, आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींना अधिक. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाने पन्नास हजारांच्या संचासाठी स्वतःचे फक्त अडीच हजार रुपये घालायचे. योजना चांगली आहे, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. ज्यांचे स्वतःचे स्लॅबचे घर आहे त्यांनी उद्याच अर्ज करावा.

पण अटी वाचा. स्वतःचे घर हवे. पॅनेल बसेल असे छप्पर हवे. अधिकृत वीजजोडणी हवी. एका किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. आता आपली वस्ती डोळ्यांसमोर आणा. शंभर-दीडशे चौरस फुटांची खोली, वर सिमेंटचा किंवा लोखंडी पत्रा, तोही विटा ठेवून दाबलेला. त्यावर पोटमाळा, शेजारी टॉवर. घर ताब्याचे, जमीन सरकारची किंवा कोणा ट्रस्टची. तीनही अटींत ही वस्ती बसत नाही. घराघरांत वायर पोहोचवणारा कायदा 'भोगवटादार' म्हणतो, आणि घराघरांत ऊन पोहोचवणारी योजना 'मालक' म्हणते. या दोन शब्दांच्या मधल्या फटीत आपला समाज अडकला आहे.

नगररचनेची नियमावलीही तशीच. सौर जलतापक किंवा सौर वीजसंच बसवण्याची तिची सक्ती रुग्णालये, हॉटेले, वसतिगृहे आणि दीडशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या वैयक्तिक घरांसाठी आहे. बंगल्याच्या छपराचा विचार नियमात झाला. वीस चौरस मीटरच्या घराचा विचार कोणत्याही कलमात नाही. त्याच्यावर सक्ती नको, हे ठीक. पण त्याच्या हक्काचे काय?

ज्या दिवशी श्रीमंत ग्राहक आपल्या गच्चीवर स्वतःची वीज करू लागतो, त्या दिवसापासून वितरण कंपनीला चांगली बिले भरणारा ग्राहक कमी होतो. तारा, खांब, रोहित्रे यांचा खर्च मात्र तसाच राहतो. तो खर्च उरलेल्या ग्राहकांवर, म्हणजे ज्यांना छप्परच नाही त्यांच्यावर, दरवाढीच्या रूपाने येण्याचा धोका आहे. तेव्हा सौर ऊर्जेपासून दूर राहणे हा तटस्थपणा ठरत नाही. त्यात आपले नुकसानच होणार आहे.

मार्ग आहे. आपल्या छपरावर पॅनेल बसत नसेल तर ते दुसऱ्या छपरावर बसवावे आणि तयार झालेली वीज अनेक घरांच्या बिलांत वाटून द्यावी. याला आभासी नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच त्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. वस्तीजवळ महापालिकेची शाळा असते, समाजमंदिर असते, दवाखाना असतो, बुद्धविहार असते. त्यांच्या गच्च्या रिकाम्या आहेत. महापालिकेच्या मालकीच्या गच्चीवरचा ठरावीक वाटा शेजारच्या वस्तीच्या विजेसाठी राखीव ठेवावा, असा नियम नियमावलीत का येऊ नये? बागेसाठी, पार्किंगसाठी, दुकानांसाठी आरक्षण पडते. उन्हासाठीही पडू द्या.

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत तर आजच करण्यासारखे आहे. तिथे लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचे बिल भरता येत नाही म्हणून लिफ्ट बंद पडतात आणि म्हातारी माणसे वरच्या मजल्यांवर कोंडली जातात. सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापराच्या विजेसाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. सोसायटीची नोंदणी आणि गच्चीचा कायदेशीर ताबा असला की अर्ज करता येतो. अडचण तिथेच आहे. कित्येक ठिकाणी बिल्डरने गच्ची मोबाईल टॉवरला किंवा जाहिरातीला देऊन टाकलेली असते आणि रहिवाशांना कराराची प्रतही मिळत नाही. तो करार मागा. गच्ची सोसायटीची आहे.

काही आक्षेप

यावर सांगितले जाईल, की पत्र्याच्या घरावर पॅनेल बसवणे धोक्याचे आहे, वादळात ते उडेल, दाट वस्तीत आग लागेल. हा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. तांत्रिक सुरक्षेचा नियम आपल्या लोकांच्या जिवासाठीच असतो. भिंतींबद्दल जो नियम पाळला गेला नाही म्हणून आपली माणसे मेली, तसाच नियम छपराबाबत आपण मोडू नये. म्हणून तर सामाईक गच्चीची मागणी आहे. पण सुरक्षेचे कारण सांगून वस्तीला अंधारात ठेवायचे आणि पर्याय मात्र द्यायचा नाही, ही लबाडी चालू देता येणार नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांकडून येतो. आरक्षण धोक्यात आहे, संविधानावर हल्ले होत आहेत, अत्याचार वाढत आहेत, अशा वेळी भिंती आणि पॅनेल घेऊन काय बसायचे? त्यांना नम्रपणे विचारावेसे वाटते, की पिंपरीपाड्यात आणि नडूरला जी माणसे मेली, ती कोणत्या प्रश्नावर मेली? संविधान संसदेत असते तसे ते प्रभाग कार्यालयातल्या कपाटातही असते. कमानीच्या नावासाठी आणि पुतळ्याच्या जागेसाठी आपण रात्रंदिवस झटतो, ते योग्यच आहे, कारण तो अस्मितेचा प्रश्न आहे. पण ज्या बैठकीत त्या पुतळ्याभोवतीच्या वस्तीचा पुढच्या वीस वर्षांचा नकाशा ठरतो, त्या बैठकीत आपली खुर्ची रिकामी असते. असे किती दिवस चालणार?

काय करायचे?

नगररचना कायदा १९६६ मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती मागवणे आणि त्यांची सुनावणी घेणे बंधनकारक आहे. हरकत घ्यायला जमिनीची मालकी लागत नाही, वकील लागत नाही. साध्या कागदावर मराठीत लिहिलेली हरकतही चालते. प्रत्येक शहरातल्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः कायदा आणि अभियांत्रिकी शिकलेल्या आपल्या मुला-मुलींनी, एक छोटा गट करावा. आपल्या शहराचा आराखडा आणि नियमावली मिळवावी. नकाशात आपली वस्ती कोणत्या रंगात आहे ते बघावे. तिथे वस्ती दाखवली आहे, की रिकामी जागा, की बागेचे आरक्षण? वस्ती नकाशात नसेल तर नळही नाही आणि सूर्यही नाही.

मग चार मागण्या लेखी द्याव्यात. एक, वस्तीला लागून असलेल्या प्रत्येक उंच भिंतीची पावसाळ्यापूर्वी अभियंत्याकडून तपासणी आणि तिचा अहवाल वस्तीत फलकावर. दोन, वहिवाटीची वाट बंद करणाऱ्या कोणत्याही कुंपणाला परवानगी देण्याआधी वस्तीची सुनावणी. तीन, नळ व वीजजोडणीसाठी मालकीऐवजी ताब्याचा पुरावा पुरेसा असल्याचे स्पष्ट परिपत्रक. चार, सार्वजनिक इमारतींच्या गच्चीवरील सौर विजेत शेजारच्या वस्तीचा राखीव वाटा. दलित वस्ती सुधारणेचा निधी दरवर्षी पेव्हर ब्लॉक उखडून पुन्हा पेव्हर ब्लॉक बसवण्यात जातो. तो निधी या कामी का लागू नये, हाही प्रश्न नगरसेवकाला जाहीरपणे विचारावा.

ही कामे टाळ्या मिळवून देणारी नाहीत. नकाशे पाहून डोळे दुखतात, कार्यालयाच्या चकरा माराव्या लागतात, सुनावणीच्या दिवशी मजुरी बुडते. पण महाडच्या खटल्याच्या तारखा दहा वर्षे अशाच सांभाळाव्या लागल्या होत्या. आपल्या शहराच्या पुढच्या हरकतींची मुदत कधी संपते, ते या आठवड्यात विचारून घ्या. तारीख विहाराच्या फलकावर खडूने लिहून ठेवा.